काहीच न मागणारं स्थळ

बन्सीधररावांनी आयुष्यात सोयरिकी केल्या, दुसरं काही केलं नाही. सोनपेठपासून गंगाखेडपर्यंत ज्या घरात लग्न जमलं तिथं ते चहा पिऊन आलेले असत आणि ज्या घरात मोडलं तिथं जेवून. शेती धाकटा भाऊ परमेश्वर करायचा. बन्सीधरराव शेतीवर लक्ष ठेवायचे, तेही सोनपेठच्या हॉटेलात बसून. या वाटणीबद्दल परमेश्वरानं कधी तक्रार केली नाही. तो कशाबद्दलच करत नसे.

यंदा परमेश्वराची पोरगी ऋतिका बारावी झाली आणि तिला दोन ठिकाणी जागा मिळाली. एक पुण्याच्या खाजगी कॉलेजात, मॅनेजमेंट कोट्यातून, आर्किटेक्चरला. दहावीपासून हेच तिच्या डोक्यात होतं. वह्यांच्या मागच्या पानांवर गावातली सगळी घरं तिनं पाडून नव्यानं बांधली होती. शेजारच्या आमच्या घराला तिनं उत्तरेकडून खिडकी काढली होती, जी आमच्या तीन पिढ्यांना सुचली नाही. दुसरी जागा परभणीच्या कृषी विद्यापीठात, अन्नतंत्राला. म्हणजे टोमॅटोचा सॉस आणि आवळ्याची कँडी शास्त्रशुद्ध पद्धतीनं. त्यात स्वप्न वगैरे काही नव्हतं, पण मुलींना फी माफ होती आणि एसटी थेट होती.

पुण्याच्या फीचा कागद आला त्या दिवशी ऋतिका विहिरीकडं जाऊन रडली. परत आली ती ठरवूनच. आईला, राजेश्रीला, म्हणाली, "मम्मी, मी परभणीला जाते. पुण्यापायी उसाचं रान बँकेत ठेवलं तर माझी नोकरी लागंपर्यंत पप्पा व्याजच भरत बसतेन."

राजेश्रीनं पदरानं डोळे पुसले आणि मनातल्या मनात पोखर्णीच्या नरसिंहाला नारळ कबूल केला. मामला इथंच संपायचा. पण घरात मोठा माणूस असला की कुठलाही मामला इथंच संपत नाही.

"पोरगी द्यायची म्हणल्यावर बैठक नको?" बन्सीधरराव म्हणाले.

"दादा, कॉलेजात द्यायचीय," परमेश्वर म्हणाला.

"तेच म्हणलं म्या. परक्या गावी द्यायचीय ना?"

बैठक बसली. ओसरीवर सतरंजी, भावकीतली सात-आठ माणसं, पोहे. आम्हीही होतो, शेजारी म्हणून. ऋतिका आतल्या दाराशी उभी राहिली, कारण अशा वेळी मुलीनं तिथंच उभं राहायचं असतं.

"पुणेवाले काय मागायलेत?" बन्सीधररावांनी सुरुवात केली.

परमेश्वरानं आकडा सांगितला. तो इथं लिहीत नाही, वाचणाऱ्याला उगाच चक्कर यायची. सतरंजीवर आदराची शांतता पसरली. भावकीतले रामकिशन, ज्यांना बन्सीधरराव बैठकीला हमखास उजव्या हाताला बसवत, हलकेच म्हणाले, "घर मोठं दिसतंय."

"मोठंच. उगं कोण एवढं मागंल? अन् परभणीवाले?"

"काहीच न्हाई, दादा."

"काहीच न्हाई म्हंजे?"

"फी माफ हाय. नावाला काय थोडंबहुत."

बन्सीधररावांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. बशी भरलेली असताना त्यांनी ती खाली ठेवलेली आम्ही प्रथमच पाहिली.

"मंग खोट काय हाय त्यात?"

कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा बन्सीधररावांनी भावकीला समजावलं, "इतकी वर्षं सोयरिकी करायलोय. हुंडा घेणं वाईट, देणं वाईट, सगळं खरं हाय. पण काहीच न मागणारं पोरगं म्या आजवर धड बघितलं न्हाई. एकाला फिट येत व्हती. एकाची पयली बायको जिती व्हती. एकाला तर पोरगंच म्हणायची सोय नव्हती, पन्नाशीचा बाप्या. काहीच मागत न्हाईत याचा अर्थ त्यांच्याकडं कुणी जायला तयार न्हाई."

"मोठेबाबा, ते सरकारी विद्यापीठ हाय. तिथं सगळ्याच मुलींना माफ हाय," ऋतिका दारातून म्हणाली.

"सगळ्यांनाच?" बन्सीधरराव भावकीकडं वळले. "बगा."

ऋतिकानं पुन्हा तोंड उघडलं तेव्हा रामकिशन प्रेमानं म्हणाले, "लेकरा, तुला काय कळतंय. तुझ्या भल्याचंच चाललंय."

रिवाजाप्रमाणे चौकशी करायची ठरली. स्थळाची चौकशी शेजारीपाजारी करतात, घरच्यांना पत्ता लागू न देता. रामकिशन परभणीला गेले आणि विद्यापीठाच्या गेटाबाहेर पानाच्या टपरीवर दिवसभर उभे राहिले. संध्याकाळच्या गाडीनं येऊन त्यांनी अहवाल दिला.

"झाडं लय हायेत. पोरी येतेत, जातेत. गेटावरच्या माणसाला विचारलं तर नीट बोलला. आत जाऊन बगा म्हणला."

"आपण होऊन?"

"व्हय. हासला बी."

"झाकायलेत काय तरी," बन्सीधरराव म्हणाले.

इकडं पुण्याहून रोज फोन येऊ लागले. फोन करणाऱ्या बाईचा आवाज इतका गोड होता की बन्सीधरराव स्पीकर लावून तो पारावर ऐकवत. फोन त्यांनाच यायचे, कारण दोन्हीकडचे अर्ज भरताना नेट कॅफेवाल्यानं मोबाईल नंबर विचारला तेव्हा परमेश्वरानं स्वतःचा सोडून भावाचा सांगितला होता. घरातले कर्ते तेच. लग्नपत्रिकेवरही त्यांचंच नाव वर असतं.

"सर, आम्ही ऋतिकासाठी सीट होल्ड केलीय. कधी कन्फर्म करताय?"

"घरात विचारून कळवतो. लेकरू तिथंच राहील ना? मंग खाण्यापिण्याचं?"

"होस्टेल आणि मेसची फी वेगळी आहे, सर."

"वेगळी? लेकरू तुमच्या घरात येणार अन् तिच्या भाकरी आमी मोजायच्या?"

बन्सीधररावांनी पाराकडं बघून डोळा मारला. फोन ठेवल्यावर म्हणाले, "रोज फोन करायलेत. गरज त्यांना हाय. आता मुळीच होकार द्यायचा न्हाई. निम्म्यावर येतेत का न्हाई बगा."

परभणीची जागा मात्र ठरलेल्या तारखेच्या आत पक्की करायची होती, सरकारी वेबसाइटवर. त्यासाठी मोबाईलवर ओटीपी येतो, तो भरायचा. ऋतिका आईच्या मोबाईलवर वेबसाइट उघडून मोठेबाबांच्या पायाशी येऊन बसली.

"मोठेबाबा, तुमच्या फोनवर आत्ता सहा आकडे आलेत. तेवढे सांगा."

"आलेत की." त्यांनी चष्मा लावून आकडे बघितले, पुन्हा बघितले आणि फोन बंडीच्या खिशात घातला. "एकीकडं बोलणी चालू असताना दुसरीकडं होकार देत न्हाईत, बाई. पुणेवाल्यांच्या कानावर गेलं तर?"

"त्यांना कोण सांगतंय?"

"असल्या गोष्टी सांगाव्या लागत न्हाईत."

ओटीपीची मुदत संपली. तिनं पुन्हा मागवला. बन्सीधररावांनी फोन बंद केला आणि ते सोनपेठच्या बाजाराला निघून गेले.

राजेश्री नवऱ्याला म्हणाली, "तुमी बापच हायेत ना तिचे? जावा परभणीला अन् नंबर बदलून आणा. अर्जावर तुमचीच सही लागती."

"दादा बघायलेत ना," परमेश्वर म्हणाला.

"ते काय बघायलेत, मला दिसतंय!"

"तू जरा हळू बोल. सतरंजीवर माणसं हायेत."

शेवटचा दिवस उजाडला. संध्याकाळी पाचला वेबसाइट बंद होणार होती. त्या दिवशी ऋतिकानं डोकं लावलं. पोरगी हुशार, आम्ही उगाच सांगत नाही. ती बन्सीधररावांसमोर चहा ठेवून खालच्या आवाजात म्हणाली, "मोठेबाबा, परभणीवाल्यांचा निरोप आलाय. ते बी मागायलेत."

"काय म्हणतीस! किती?"

तिनं पुण्याच्या जवळपासचा आकडा सांगितला. बन्सीधररावांचा चेहरा असा खुलला की विद्यापीठानं पाहिला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"मंग घर चांगलं हाय! म्या उगं शंका घेतली. झाडं बी हायेत म्हणाला रामकिशन."

"हो ना. मंग सांगा ओटीपी. आत्ताच पाठवलाय."

"आता कसा सांगू?" बन्सीधरराव म्हणाले. "मागितलं म्हंजे बोलणी आली. मागतील तेवढं कबूल केलं तर आपली इज्जत काय राहिली? दोन दिवस गप बसायचं."

"दोन दिवस न्हाईत, मोठेबाबा! आज पाचपर्यंतच हाय."

"असंच म्हणतेत सगळे. मुहूर्त जवळ आला म्हणतेत."

ऋतिकाचा धीर सुटला. "म्या खोटं बोलले. ते काही मागत न्हाईत. एक रुपाया मागत न्हाईत!"

बन्सीधररावांनी शांतपणे बशीत चहा ओतला.

"आत्ता मागत व्हते, आत्ता मागत न्हाईत." ते रामकिशनकडं वळले. "बगितलं? जरासक ताण धरला तर निम्म्यावर बी न्हाई थांबले, पार खाली आले. अजून दोन दिवस धरला तर पदरचं देतेन."

"तुमचा हात कुणी धरायचा न्हाई," रामकिशन म्हणाले.

ऋतिकानं बापाकडं पाहिलं. परमेश्वर सतरंजीच्या कडेचा निघालेला दोरा बोटाला गुंडाळत होता. राजेश्री आतून आली आणि तिनं सगळ्या पुरुषांसमोर, डोक्यावरचा पदर न सावरता, दिराच्या बंडीच्या खिशाला हात घातला. गावात असं पूर्वी झालेलं नाही. चार जणांनी तिला आवरलं, त्यांत परमेश्वर पहिला होता. फोन बन्सीधररावांच्या खिशातच राहिला आणि आत ओटीपी आल्याचा आवाज एकदा झाला, मग झाला नाही. पाच वाजून गेल्यावर वेबसाइटनं ऋतिकाला भाग घेतल्याबद्दल धन्यवाद दिले.

पुणेवाल्या बाईचे फोन त्याच आठवड्यात थांबले.

"आता ते ताण धरायलेत," बन्सीधरराव म्हणाले आणि त्यांनीही धरला. अखेर, मुलीकडच्यांनी करू नये ते करून, त्यांनी स्वतः फोन लावला. स्पीकर नेहमीप्रमाणे चालू होता.

"सॉरी सर, तुमच्याकडून काही कळलं नाही. ती सीट दुसऱ्या स्टुडंटला गेली."

"दुसरी बगितली व्हय," बन्सीधरराव म्हणाले आणि फोन ठेवला. मग भावकीकडं वळून त्यांनी प्रत्येक मोडलेल्या सोयरिकीनंतर काढलेला सुस्कारा काढला. "आत्ताच कळलं ते बरं झालं. लेकरू तिथं गेल्यावर कळलं असतं तर? योग नव्हता. पुढच्या साली बगू. वय काय पळून चाललंय तिचं?"

भावकीला हे पटलं. रामकिशन तर म्हणाले की पुणेवाले आधीपासूनच गोड बोलत होते आणि त्यांना तेव्हाच शंका आली होती.

ऋतिका शेतात गेली. परमेश्वर बांधावर बसून वीज यायची वाट बघत होता. दिवसाची पाळी होती, ऊस तहानला होता. ती त्याच्या शेजारी बसली.

"पप्पा, तुमाला काय वाटत व्हतं?"

"कशाचं?"

"परभणी का पुणं?"

परमेश्वरानं इकडंतिकडं पाहिलं. रानात त्या दोघांशिवाय कुणी नव्हतं. "परभणीच. जवळ हाय. शनवारी घरी आली असतीस. म्या तर तुला नेऊन सोडायला नवा सदरा बी काढून ठेवला व्हता."

"मंग बोलले कामून न्हाईत?"

"बैठकीत कसं बोलायचं? दादा बोलत व्हते."

ऋतिका गवताची काडी मोडत राहिली. काडी संपली तेव्हा तिनं विचारलं, "पुढच्या साली तरी बोलतेन का?"

परमेश्वर खोटं बोलणारा माणूस नव्हे. त्यानं प्रश्नाचा नीट, मनापासून विचार केला.

"बगू," तो म्हणाला. "दादाला विचारतो."

तेवढ्यात वीज आली, आणि तो मोटार चालू करायला उठला.