परत पाठवताना

मित्रांनो, तुम्ही अर्ज भरून 'पाठवा' हे बटण दाबता, तेव्हा पडद्यामागे तो हातात घेणारी मी एक जुनी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाचा छोटासा प्रोग्रॅम, आहे. दिल्लीच्या द्वारका भागात राहणाऱ्या अनिशने मला तिथल्याच एका मराठी वसतिगृहासाठी लिहिले. लातूरहून, भंडाऱ्याहून निघालेले शब्द पापणी लवण्याआधी माझ्यापर्यंत पोचतात, याचे मला अजून नवल वाटते.

अर्ज बरोबर असला की मी तो पुढे पाठवत असे. चुकला की भरणाऱ्याला 'चूक आहे' एवढेच लिहिलेल्या पानावर वळवत असे. त्याचे लिखाण मात्र मागेच टाकून देई. मला तसेच सांगितलेले होते.

मग क्षिप्राचा अर्ज आला. ती दिल्लीतच मुनिरका भागात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. घरमालकाने खोली सोडायला सांगितली होती आणि अर्जाचा तो शेवटचा दिवस होता. आईच्या दुखण्यापासून सारे तिने मोबाइलवर मराठीत लिहिले, आणि त्याच ओघात फोन नंबरही मराठी आकड्यांत. मला ते आकडे येत नव्हते. मी तिला परत पाठवले. तिने सगळे पुन्हा लिहिले, मी पुन्हा पुसले.

रडवेली होऊन तिने वसतिगृह सांभाळणाऱ्या साधनाकाकूंना फोन केला. काकूंनी अनिशला गाठले. त्याने ऑफिसातूनच मला उघडले आणि भरलेला मजकूर पडद्यावरच्या पट्टीत दिसणाऱ्या पानाच्या पत्त्याला जोडून परत नेण्याची सोय केली. काकूंनी लगेच एक चुकीचा अर्ज भरून पाहिला आणि अनिशला फोन केला.

"अरे, मी माझी गुडघेदुखी लिहिली, ती वरच्या पट्टीत जशीच्या तशी दिसतेय. त्या पोरीनं तर आईचं दुखणं लिहिलंय. शेजारच्यानं वाचलं तर?"

"अच्छा, हे डोक्यातच नाही आलं. काकू, तुम्ही आमच्या ऑफिसात या."

"आधी तिला खोली मिळू दे, मग मला नोकरी दे."

अनिशने ती जोडणी काढली. आता मजकूर माझ्याजवळ थोडा वेळ झाकून राहणार होता आणि ज्याचा त्यालाच परत मिळणार होता.

क्षिप्राने शेवटचा प्रयत्न केला. मी तिला परत पाठवले, पण या वेळी आईबद्दलचे प्रत्येक वाक्य जागच्या जागी होते. फक्त नंबराची चौकट लाल होती आणि तिच्याखाली 'इंग्रजी आकडे लिहा' असे होते. तिने आकडे बदलले आणि अर्ज मुदतीत पोचला. इतके शब्द मी सांभाळू शकते, हे मलाच ठाऊक नव्हते!

मित्रांनो, कुणाला परत पाठवावेच लागले, तर त्याने आणलेले त्याच्या हाती द्या, आणि नेमके काय चुकले तेही सांगा. आणखी एक विनंती. मराठी आकडे मला अजून येत नाहीत. कुणी शिकवाल?