टॉलिव्हरची नात

मी खोटं बोलले नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकल्यावर तुम्ही मला काय वाटेल ते म्हणाल. मी फक्त मूग गिळून गप्प बसले. कधीकधी तेवढ्यानंही काम होतं.

क्लीव्हलंडमध्ये पुलांचे आणि उंच इमारतींचे लोखंडी सांगाडे उभारणाऱ्यांची युनियन आहे. तिच्यात शिकाऊ म्हणून शिरायचं तर आधी गणिताचा पेपर, मग नुसत्या हातापायांनी लोखंडी खांबावर चढायची परीक्षा, आणि शेवटी मुलाखत. पहिल्या वर्षी मला पेपरात शंभरपैकी एक्क्याण्णव पडले. खांबावर तर मी अशी चढले की खाली घड्याळ घेऊन उभा असलेला माणूस म्हणाला, "अगं, जरा दम तर खा!"

मुलाखतीला टेबलामागे पाच जण होते. मधल्यानं विचारलं, "या धंद्यात तुझं कोण आहे?"

"कोणी नाही."

"काका? मामा? मेव्हणा?"

"माझे बाबा शाळेची बस चालवतात."

"वा, छान," तो म्हणाला आणि कागदावर काहीतरी खरडलं. यादी लागली तेव्हा माझा नंबर एकसष्टावा. घेणार होते बावीस.

दुसऱ्या वर्षी पेपरात त्र्याण्णव, नंबर अठ्ठावन्न. माझ्यासमोर खांबावरून अर्ध्यातून घसरलेला, दोन्ही तळहात सोलून घेतलेला एक लठ्ठ मुलगा होता, त्याचा सातवा. त्याचे वडील, दोन काका आणि आजोबा, सगळे याच हॉलमधले, म्हणजे याच युनियनचे. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. वशिल्याचं तट्टू! पण बोलणार कोणाला? त्या हॉलचा सगळा कारभारच बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर असा. आणि माझा बाप दाखवून उपयोग नव्हता.

तेव्हा मी कुंपणाच्या जाळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात वेल्डिंग करत होते. तिथल्या ठोकाठोकीनं माझा डावा कान अर्धा गेला होता. मालकाला सांगितलं तर म्हणाला, कापूस घाल. सत्तावीस वर्षांची होते मी. तिसऱ्यांदा नाव आलं नाही तर पाच वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही असा युनियनचा नियम. पाच वर्षांत दुसरा कानही गेला असता.

तिसऱ्या वर्षी हॉलचा सेक्रेटरी बदलला होता. गस वोयचिक नाव, मोठं पोट, मोठा आवाज. त्यानं माझा कागद उचलला आणि एकदम खुर्चीत पुढे सरकला.

"टॉलिव्हर? अगं, तू आमच्या एमसची कोण?"

मी तोंड उघडलं. पण त्यानं बोलू दिलं तर ना!

"एमस टॉलिव्हर हो!" तो बाकीच्यांना सांगायला लागला. "मी पोरसवदा असताना त्याच्या हाताखाली होतो. एकदा वाऱ्यात तुळई फिरली तेव्हा मला कॉलर धरून मागे ओढलं त्यानं. नाहीतर आज मी कुठला इथे! ही त्याची नातच असणार. बघा की, नाक तेच."

माझं नाक माझ्या आईचं आहे. आणि आमचे टॉलिव्हर अलाबामाचे. एमस टॉलिव्हर हे नाव मी तोवर फक्त हॉलच्या भिंतीवर, एका जुन्या फोटोखाली वाचलं होतं. त्या हॉलमध्ये वोयचिक आडनावाचे निदान तीस जण आहेत. त्यांतला कोण कोणाचा चुलत आणि कोण नुसता आडनावबंधू, हे त्यांना तोंडपाठ. पण काळा टॉलिव्हर त्यांनी आयुष्यात एकच पाहिला होता. म्हणजे मी त्याचीच. दुसरी असणार कशी?

"कसा आहे म्हातारा?" गसनं विचारलं.

"बरे असतील," मी म्हणाले.

"असतील?" गस टेबलावर हात आपटून हसला. "म्हणजे घरच्यांशीपण बोलत नाही वाटतं! सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही त्याचा!"

पाचही जण हसले. तेव्हा मी सांगायला हवं होतं. 'साहेब, माझी त्यांची ओळखपाळख नाही,' एवढंच वाक्य. मी माझ्या बुटांकडे बघत बसले.

नंबर आला नववा.

बाबांनी निवडीचं पत्र तीनदा वाचलं. त्यांनी, होझिया टॉलिव्हरनी, चौतीस वर्षं दुसऱ्यांची पोरं शाळेत सोडली होती. त्यांनी शेजारच्यांना हाका मारमारून सांगितलं, "आमची डेल्फीन स्वतःच्या हिमतीवर गेली हो! ना ओळख, ना शिफारस!" मी आत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

पाकिटात गसची एक वेगळी चिठ्ठी होती, ती मी बाबांच्या हाती लागू दिली नव्हती: शनिवारी अकराला शपथ. एमसला घेऊन ये, पाना तोच खोचेल.

आमच्याकडे रीत आहे. शपथ झाली की घरातला जुना गडी नव्याच्या कमरपट्ट्यात शेपटीचा पाना खोचतो. एका टोकाला पाना, दुसरं टोक सुळ्यासारखं. तुळईची भोकं जुळवायला तो लागतो. ज्यांचं कोणी नसतं त्यांना अध्यक्ष नुसता हातात देतो, आणि सगळा हॉल समजून जातो की हा रस्त्यावरून आलेला.

आता काय करणार? मी एमस टॉलिव्हरचं घर शोधून काढलं. ऑक्टोबरचे दिवस. म्हातारा अंगणात पानं गोळा करत होता. ताठ पाठीचा, पातळ, डोक्यावर लोकरीची टोपी.

"कोण?"

"मी डेल्फीन टॉलिव्हर."

"आमच्यात डेल्फीन कोणी नाही."

मी सगळं सांगितलं. एका दमात, जसं घडलं तसं. त्यानं मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी मी म्हणाले, "मिस्टर टॉलिव्हर, तुम्ही फक्त तिथे या. बोलू नका काही. मी नाही का गप्प बसले, तसेच तुम्ही बसा."

त्यानं दाताळं झाडाला टेकवून ठेवलं.

"मला त्या हॉलमध्ये कोणी घेतलं, माहीत आहे? न्यायाधीशानं. कोर्टाचा हुकूम होता म्हणून. अकरा वर्षं माझ्याशेजारी बसून कोणी डबा खाल्ला नाही. माझ्या बुटांत काय काय घालून ठेवायचे, ते तुला सांगत नाही, बाईमाणूस आहेस. आणि आज मी तुझा वशिला?"

"मला मार्क होते, साहेब. तिन्ही वर्षं होते."

"माझ्या कॅल्विनलाही होते!" तो ओरडला. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. "माझा मुलगा. तीनदा अर्ज केला त्यानं. म्हणाला, बाबा, एकदा शब्द टाका, गस वोयचिक तुमचं ऐकेल. मी म्हटलं, मी कोणाच्या शब्दावर आलो नाही, तूही येऊ नकोस. मोठा तत्त्वाचा माणूस ना मी! मग गेला तो एका भुरट्या ठेकेदाराकडे. ना युनियन, ना कमरेला दोरी. वरून पडला तेव्हा पंचवीस वर्षांचा होता."

त्याचा श्वास चढला होता. मी पुढे झाले, तर त्यानं हात झिडकारला.

"पोटच्या पोरासाठी जो शब्द टाकला नाही तो तुझ्यासाठी टाकू? लाज नाही वाटत? चालती हो!"

लाज वाटत होती. खरंच वाटत होती. बस स्टॉपवर उभं राहून मी ठरवलं की शनिवारी जायचं, गसला बाजूला घेऊन खरं काय ते सांगायचं, आणि नंबर गेला तर जाऊ दे. दुसरा कान गेला तर तोही जाऊ दे.

शनिवारी बाबा चर्चचा सूट घालून, नवी टोपी हातात घेऊन दारात उभे.

"बाबा, बाहेरच्यांना सोडत नाहीत तिथे," मी म्हणाले.

"मी बाहेरचा? बाप आहे मी! चल, बस गाडीत."

रस्ताभर मी सांगू सांगू म्हणत होते. बाबा आपले खुशीत, लाल दिव्यापाशी स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरत होते. एवढे खूश ते आई गेल्यापासून दिसले नव्हते. कसं सांगणार? हॉलच्या दारात मी त्यांना म्हटलं, "तुम्ही बसा, मी दोन मिनिटांत आले," आणि गसला शोधायला आत धावले.

गस पुढेच उभा होता. आणि त्याच्याशेजारच्या खुर्चीत, काळ्या सुटात, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन, एमस टॉलिव्हर बसला होता.

हा सगळ्यांसमोर माझे वाभाडे काढायला आलाय, दुसरं काय? मी गसला हाक मारणार तेवढ्यात अध्यक्षानं हातोडी आपटली आणि आम्हा बावीस जणांना रांगेत उभं केलं. शपथ झाली. एकेक नाव, एकेक बाप, एकेक पाना. त्या सोललेल्या हातांच्या मुलाचा भाऊही होता, त्याच्यासाठी तर तिघे पुढे आले.

"डेल्फीन टॉलिव्हर!"

तिसऱ्या रांगेत बाबा टाळ्या वाजवत अर्धे उठले होते. त्यांना वाटलं असणार, बापांना बोलावतायत, तर आपणही जायचं.

पण त्यांच्याआधी एमस उठला. सावकाश चालत माझ्यासमोर आला. गसनं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "ओळखलंत ना याला? काय रे एमस, नात ना ही तुझी?"

म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं.

"माझ्या कॅल्विनची मुलगी," तो म्हणाला. मोठ्यानं, अगदी मागच्या भिंतीपर्यंत.

हॉलभर टाळ्या. त्यानं वर्तमानपत्र सोडून पाना काढला. कोरा करकरीत, कधी न वापरलेला. मुठीवर दोन अक्षरं कोरलेली. तो त्यानं माझ्या पट्ट्यात खोचला.

"त्याच्यासाठी घेऊन ठेवला होता," तो माझ्या चांगल्या कानाशी पुटपुटला. "यादीत नाव लागलं असतं तर दिला असता."

"अगं, आजोबांना मिठी मार की!" गस ओरडला.

मी मिठी मारली. 'आजोबा' म्हणाले. तो शब्द तोंडातून सहज निघाला, आणि मी त्या खांद्यावर खरोखरच रडले. रडता रडता त्याच्या खांद्यावरून पाहिलं तर बाबा तसेच अर्धे उठलेले, टाळीसाठी उचललेले हात हवेत. मग ते हळूच खाली बसले. टोपी गुडघ्यावर ठेवून तिच्या काठावरून बोट फिरवत राहिले.

नंतर कॉफी आणि सॉसेजचे पाव होते. मी बाबांकडे निघाले, पण गस माझ्याआधी पोचला. सगळ्यांशी हात मिळवत तो बाबांपर्यंत आला. एमस त्याच्या बाजूलाच होता.

"आणि तुम्ही? टॉलिव्हरांपैकीच का?"

मी चार पावलांवर होते. एक हाक मारली असती तर पुरे होतं. बाबा, अशी. माझा नंबर गेला असता, म्हातारा सगळ्या हॉलसमोर खोटा पडला असता. मी जागच्या जागी थांबले. पुन्हा मूग गिळले, आणि या वेळी जाणूनबुजून.

बाबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. ते हसले. सकाळी शाळेच्या दाराशी मुलांच्या आयांकडे बघून हसतात, तसे.

"नाही हो साहेब. मी ड्रायव्हर. हिला सोडायला आलोय."

"बरं बरं," गस म्हणाला. "कॉफी घ्या, लाजू नका." आणि पुढे गेला.

एमसला कळलं. त्यानं बाबांकडे पाहिलं, आपली टोपी काढली आणि मान खाली घातली. बाबांनीही मान हलवली.

गाडीत बसल्यावर बाबांनी इंजिन सुरू केलं नाही.

"बाबा, मी सांगणार होते," मी म्हणाले. "आज सकाळीच सांगणार होते त्यांना. बाबा, मला मारा, पण काहीतरी बोला!"

"बघू तो पाना," ते म्हणाले.

मी काढून दिला. त्यांनी तो हातात तोलून पाहिला, डोळ्यांजवळ नेऊन मुठीवरची अक्षरं वाचली.

"सी. टी. म्हणजे?"

"कॅल्विन टॉलिव्हर."

"कसा होता माणूस?"

"मला नाही माहीत, बाबा."

त्यांनी पाना माझ्या मांडीवर ठेवला, आरसा नीट केला आणि किल्ली फिरवली.

"मग त्या म्हाताऱ्याकडे जाऊन सगळं विचारून घे," बाबा म्हणाले. "कुठे जन्मला, काय खायचा, कशाला हसायचा. सोमवारी कामावर कोणी विचारलं तर आपल्या बापाबद्दल चार गोष्टी सांगता यायला हव्यात."