शेवटची पायरी

"आईला वृद्धाश्रमात ठेव, तुला एकटीला झेपणार नाही," असं थोरल्या भावाने फोनवरून पुन्हा एकदा सुनावलं, तेव्हा लेक हट्टालाच पेटली. दुरून सल्ले द्यायला काय जातं! आई-बाबा एकाच घरात राहणार म्हणजे राहणार. स्मृतिभ्रंश झालेल्या आईला घरी येऊन रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाई तिने ठरवल्या.

बाईंची पद्धत उलटी होती. चहा शिकवायचा, पण शेवटाकडून. सगळं लेकीने करायचं आणि आईने फक्त गॅसचं बटण बंद करायचं. ते अंगवळणी पडलं की त्याच्या आधीची पायरी.

"काम त्यांच्या हातून पुरं झालं पाहिजे," बाई म्हणाल्या. "आणि दर वेळी शाबासकी द्यायला विसरू नका."

लेक कसली विसरते! आईने बटण फिरवलं की ती टाळ्या पिटायची. पोटच्या मुलीचं नाव विसरलेली आई चक्क लाजायची. आतल्या खोलीत पलंगाला खिळलेले बाबाही नाकातल्या नळीसकट हसायचे. त्यांची फुप्फुसं केव्हाच कामातून गेली होती. उशाशी उभा असलेला ऑक्सिजनचा सिलिंडर होता म्हणून ते होते.

पुढे आईने सपाटाच लावला. नळ बंद, रेडिओ बंद, लेक अंघोळीला गेली की दिवा बंद.

"अगं आई, अंधारात साबण काय डोळ्यांना लावू?" लेक आतून ओरडायची, आणि तरी शाबासकी द्यायचीच.

मग एके दिवशी बाबांच्या खोलीतला पंखा बंद झाला. बाबांनी हसण्यावारी नेलं, लेकीने नाही. बाईंच्या कानावर घालायला हवं, हे तिला कळत होतं. तिने घातलं नाही. बाईंनी शिकवणं थांबवलं असतं, तर भावाचंच खरं झालं असतं.

त्या दुपारी ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मागून आईने तिची बाही ओढली.

"बंद केलं," आई म्हणाली. चेहरा नुसता फुलला होता.

"शाब्बास!" लेक सवयीने म्हणाली आणि पुढचा टॉवेल झटकला.

मग तिचा हात थांबला. घरात रेडिओ चालू होता. पंखा फिरत होता. स्वयंपाकघरात गॅस पेटलेलाच नव्हता.

ती धावली. बाबांचे ओठ निळे पडले होते, डोळे दाराकडे लागले होते. तिने सिलिंडरची चावी फिरवली. सिलिंडरला जोडलेल्या बाटलीतलं पाणी बुडबुडलं आणि बऱ्याच वेळाने बाबांची छाती वर उचलली गेली.

एवढ्यात आई मागून आली, चावी चालू पाहून चुकचुकली आणि तिने हात पुढे केला. लेकीने त्यावर फाडकन फटका मारला. आईवर तिने आजवर कधी हात उचलला नव्हता.

आई हात चोळत बघत राहिली.

"तूच तर शाब्बास म्हणालीस," ती म्हणाली.

लेकीला हुंदका फुटला. एका हाताने चावी घट्ट धरून तिने दुसऱ्या हाताने भावाला फोन लावला.