नेटी प्रूइटचे वय

वाळवंटाकडून येणारा कोरडा वारा सलग तिसऱ्या दिवशी हॉलिवूडच्या टेकड्यांवरून खाली उतरत होता. अशा वाऱ्यात माणसे विनाकारण भांडतात आणि कुत्री विनाकारण भुंकतात. टेकडीच्या पायथ्याशी एका बैठ्या घरात ओपल प्रूइट सकाळपासून कपड्यांच्या मागे लागली होती आणि तिची धाकटी बहीण नेटी स्वयंपाकघराच्या फरशीवर काळ्या चौकोनांतून उड्या मारत होती. पांढऱ्या चौकोनावर पाय पडला की ती पुन्हा दारापासून सुरुवात करी.

"नेटी, दोन मिनिटं बस बघू."

"बसताच येत नाही. पाय आपोआप चालतात."

ते पाय कोण चालवते हे ओपलला ठाऊक होते. अर्धे पपनस, कपभर काळी कॉफी आणि स्टुडिओच्या डॉक्टरांनी दिलेली पांढरी गोळी, एवढीच नेटीची न्याहारी. रात्री झोप यावी म्हणून लाल गोळी असे. सात वर्षांची असताना ओपलनेही हेच घेतले होते. 'बेबी ओपल'चे कुरळे केस तेव्हा गावोगावच्या भिंतींवर झळकत. चौदाव्या वर्षी ती एका उन्हाळ्यात चार इंच वाढली आणि स्टुडिओचे दार बंद झाले. आता विसाव्या वर्षी ती एका मोठ्या दुकानात हातमोजे विकत होती. आज तिने रजा घेतली होती, कारण आज संध्याकाळी चित्रपटसृष्टीचा वार्षिक पारितोषिक समारंभ होता. सहायक अभिनेत्रीच्या पारितोषिकासाठी पाच नावे होती. त्यांतल्या चार जाणत्या बायका होत्या, पाचवी नेटी. 'वय वर्षे अवघे नऊ!' असे सगळ्या वर्तमानपत्रांनी छापले होते.

नेटीला नोव्हेंबरातच बारा पुरी झाली होती.

झालरीच्या परकरासाठी ओपलने मक्याच्या पिठाची खळ शिजवली, पातेले टेबलावर ठेवले आणि दोरीवरचा परकर आणायला ती परसात गेली. परत येते तो पातेले रिकामे, बोटांनी निपटून घेतलेले. नेटी टेबलाखाली बसली होती. तिच्या हनुवटीवर पांढरा ओघळ होता.

"अगं, ती कपड्यांची खळ होती!"

"माहीत आहे," नेटी हळूच म्हणाली. "पण गरम होती गं. आईला सांगू नकोस ना."

गोळीने भूक मरते म्हणतात. पहिली काही वर्षे मरतेही. पुढे गोळी नुसते अंग नाचवते, भूक जागची हलत नाही. ओपलने लोण्यात दोन अंडी फोडली, पण ती ताटात पडण्याआधीच आई दारात उभी होती. व्हर्ना प्रूइट केसांना चाप लावूनच आली होती.

"कुणासाठी ती?"

"नेटीसाठी. पोरगी खळ प्यायली, आई. परकराची खळ!"

"पीठच ना ते? पिठानं कुणी मरत नाही." व्हर्नाने तवा उचलून सिंकमध्ये पालथा केला. "आजचा एक दिवस कळ काढ म्हणावं. उद्या हवं ते खाऊ दे."

"हा उद्या मी सात वर्षं ऐकला."

"आणि तुझं काय वाईट झालं? ताडमाड वाढलीस, म्हणून हातमोजे विकतेस. हिनंही तेच करावं का?"

"हातमोजे विकते, पण रात्री झोपते. ती झोप परत यायला मला दीड वर्ष लागलं."

व्हर्नाचा चेहरा क्षणभर ढिला पडला. ती काही कैदाशीण नव्हती. नेब्रास्काच्या बीटच्या शेतात गुडघ्यांवर रांगत तिचे बालपण गेले होते. भाकरीचा शेवटचा तुकडा भावाला देऊन ती कितीदा पाणी पिऊन निजली होती. मुलींना ते दिवस दिसू नयेत म्हणून ती लहानग्या ओपलला घेऊन इथवर आली होती. आता तिच्या घरात अन्न होते आणि तिचीच मुलगी उपाशी होती, ही गोष्ट तिने मनात कुठे लपवून ठेवली होती कोण जाणे.

"वाद नको," ती म्हणाली. "वाऱ्यानं आधीच डोकं उठलंय."

तीन वाजता स्टुडिओचे प्रसिद्धीप्रमुख मिस्टर हॅस्लर मोटार घेऊन आले. "कुठाय आमची चिमणी?" करत त्यांनी नेटीच्या गालाचा चिमटा घेतला, तिला दारापाशी उभे केले आणि डोळ्यांनीच तिची उंची मापली. "टाचा सपाटच ना? छान. बाई, तीन वर्षांचा नवा करार तयार आहे. आज समारंभानंतर सही करताना फोटो. मग न्यायाधीशांची संमती लागते, पण ती काय, पाच मिनिटांची गोष्ट. दोन वर्षं तरी हिला नऊचीच ठेवू. लोकांना ती तशीच आवडते."

"दोन वर्षांनी ती चौदाची असेल," ओपल म्हणाली.

"ओपल, राजा, तू अजून उंचच होतेस की काय?" हॅस्लर हसले आणि त्यांनी खिशातून एक लहान पाकीट काढून व्हर्नाला दिले. "समारंभ लांबतो. सहा वाजता ही एक जादा द्या. कॅमेऱ्यासमोर पेंगायला नको."

रंगमंदिराबाहेर दिव्यांचे झोत आभाळात फिरत होते. दोराच्या पलीकडून लोक "नेटी! नेटी!" ओरडत होते आणि वारा बायकांचे झगे पायांना गुंडाळत होता. नेटी हसत होती, हात हलवत होती, गिरक्या घेत होती. फोटोवाले खूश होते. "काय उत्साह आहे पोरीत!" कुणीतरी म्हणाले. सहाची गोळी व्हर्नाने मोटारीतच दिली होती.

आत त्यांना पुढच्या रांगेत जागा मिळाली. व्हर्ना, मग ओपल, मग नेटी, आणि नेटीच्या पलीकडे हॉर्टेन्स गेल. सत्तरीची ही नटी आजच्या पाच जणींपैकीच एक. चाळीस वर्षे तिने पडद्यावर मोलकरणी आणि आज्या रंगवल्या होत्या. दिवे मंद होताच तिने पर्स उघडली आणि रुमालात गुंडाळलेला हॅमचा सँडविच बाहेर काढला.

"या लोकांची भाषणं ऐकायची तर पोटात आधार हवा," ती नेटीच्या कानाशी लागली. "घे अर्धा. जिंकलीस तर मला शिव्या देऊ नकोस, हरलीस तर तेवढाच फायदा."

नेटीचा हात पुढे आला. मग तिने मान वळवून आईकडे पाहिले. व्हर्नाने जेमतेम दिसेल इतकी मान हलवली. हात मागे गेला.

"आभारी आहे, मला भूक नाही," नेटी पाठ केलेल्या आवाजात म्हणाली.

हॉर्टेन्सबाईने आधी पोरीकडे, मग आईकडे पाहिले. सँडविच तिने तसाच रुमालात गुंडाळून ठेवला. तीही खाऊ शकली नाही.

एकामागून एक पारितोषिके जाहीर होत होती. प्रत्येक टाळीला नेटी दचकत होती. तिचे गुडघे थरथरत होते, बोटे खुर्चीच्या हातावर ताशा वाजवत होती. "पटकन संपव ना," ती कुणाला तरी म्हणाली. समोर कुणीच नव्हते. ओपलने तिच्या पाठीवर तळवा ठेवला. झग्याच्या कापडाआडून काळीज इतक्या जोरात उडत होते की ओपलला आपलाच हात हलताना दिसला. मान घामाने भिजलेली, ओठ कोरडे, कडा निळसर.

"आई, मी हिला बाहेर नेते."

"वेडी झालीस? आता हिचंच नाव येणार!"

"हात लाव हिला. एकदा लावून बघ."

व्हर्नाने हात लावला नाही. ती मंचाकडे पाहत होती. तिथे एक गृहस्थ पाच नावे वाचू लागले होते. चौथे नाव हॉर्टेन्स गेल. पाचवे उच्चारले गेले तेव्हा छायाचित्रकारांचे कॅमेरे नेटीच्या खुर्चीकडे वळले आणि ती रिकामी दिसली. ओपल बारा वर्षांच्या बहिणीला तान्ह्या पोरासारखी खांद्यावर टाकून, झगे आणि गुडघे तुडवत, मधल्या वाटेने चालली होती. नेटीचे वजन तिला जाणवतच नव्हते, आणि त्याचेच तिला भय वाटले.

बाहेरच्या दालनात रंगमंदिराच्या परिचारिकेने नेटीला कोचावर आडवे केले, नाडी धरली आणि तिचा चेहरा बदलला. "रुग्णवाहिका बोलवा!" ती दरवानावर ओरडली. तेवढ्यात व्हर्ना धापा टाकत आली.

"हिला काय दिलंय?" परिचारिकेने विचारले.

ओपलने गोळीचे नाव सांगितले. सकाळी एक, सहाला एक.

"वय किती हिचं? रुग्णालयात मात्रा ठरवायला लागेल. नेमकं सांगा."

"नऊ," व्हर्ना म्हणाली.

तोंडातून शब्द सवयीने गेला. पोरगी समोर डोळे फिरवत पडलेली, आणि आई म्हणाली नऊ.

"बारा!" ओपल किंचाळली. "बारा वर्षं चार महिने! आई, अगं, इथं कुणाला फसवतेस?"

आत टाळ्यांचा कडकडाट झाला. पारितोषिक हॉर्टेन्स गेल यांना मिळाले होते. वृद्ध नटीने भाषणात एकच वाक्य म्हटल्याचे दुसऱ्या दिवशी लोकांनी वाचले: "माझ्या शेजारची मुलगी आजारी आहे, तिच्याकडे आधी बघा."

नेटी वाचली. चार दिवस रुग्णालयात राहिली. पहिल्या दोन रात्री ती छताकडे पाहत लाल गोळी मागत होती, रडत होती, परिचारिकेला चावत होती. व्हर्ना दाराबाहेरच्या बाकावर बसून राही. आत जायला धजत नसे. हॅस्लर फुले घेऊन आले, आणि फुलांखाली कराराचे कागदही होते. 'थकव्यामुळे चक्कर' अशी बातमी त्यांनी आधीच देऊन टाकली होती.

तीन आठवड्यांनी ती मंडळी कराराच्या संमतीसाठी न्यायाधीशांच्या कक्षात बसली. ओपल दुकानातून न सांगता आली होती. याच इमारतीत तीही एकदा अशीच बसली होती. "काम आवडतं ना, बाळ?" असे त्या वेळच्या न्यायाधीशांनी विचारले होते, तिने हो म्हटले होते आणि शिक्का बसला होता. आज तिने दोन्ही गोळ्यांच्या बाटल्या टेबलावर ठेवल्या. स्टुडिओचा वकील लगबगीने उठला.

"या बाईंचा इथं काहीएक संबंध नाही. स्वतःला काम मिळत नाही म्हणून धाकट्या बहिणीचा मत्सर!"

"मत्सरच म्हणा," ओपल म्हणाली. तिचे हात थरथरत होते. तो कंप त्या सात वर्षांपासून तिच्या सोबत होता. तिने ते हात न्यायाधीशांपुढे धरले. "साहेब, हे हात तुमच्या न्यायालयाच्या संमतीनं असे झालेत. हिचे होऊ देऊ नका."

न्यायाधीशांनी दोन्ही बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. मग त्यांनी नेटीकडे पाहिले. "बाळ, तुझं वय काय?"

नेटीने आईकडे पाहिले. तिचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. कोणते उत्तर खरे, हे तिलाच आठवत नसावे. वकिलाने घसा खाकरला.

"बारा," व्हर्ना म्हणाली. ती उभी राहिली होती. "मी हिची आई. हिला मी जन्म दिला, मला माहीत आहे. बारा वर्षांची आहे ती. आणि मोठीला गोळ्या मीच चारल्या. मला काही सही करायची नाही."

करार झाला नाही. बैठे घर महिन्याभरात सोडावे लागले. व्हर्ना एका धुलाईकेंद्रात कामाला लागली आणि हिवाळी पावसाच्या दिवसांपर्यंत ओपलशी धड बोलली नाही. जे सत्य आपण सर्वांसमोर बोललो ते आपल्याकडून बोलवून घेणाऱ्या माणसाला क्षमा करणे सोपे नसते. नेटी शाळेत जाऊ लागली. लहान मुलांच्या वर्गात ती वयाने सर्वांत मोठी होती आणि लेखन-वाचनात सर्वांत मागे. पण ती वाढली, भराभरा वाढली.

आणि आपण? त्या संध्याकाळी दोराच्या पलीकडे उभे राहून "काय उत्साह आहे पोरीत!" म्हणणारे आपणच होतो. कुणालाही त्या उत्साहाचे मूळ विचारावेसे वाटले नाही.

पुढच्या वर्षी पारितोषिकांची यादी आली, तीत आणखी एक चिमुरडी होती. 'वय वर्षे अवघे सात.' त्या रविवारी ओपलने आपला एकुलता चांगला झगा घातला, बस पकडली आणि टेकडीवरच्या एका अनोळखी दारावर टकटक केली. केसांना चाप लावलेल्या एका बाईने दार उघडले. तिच्या मागे कुणीतरी धावत होते, थांबत होते, पुन्हा धावत होते.

"माझं नाव ओपल प्रूइट," ती म्हणाली. "बाई, तुमच्या मुलीनं आज काय खाल्लं?"