बैलाचं औषध घोडीला

करंजाड्याच्या नामदेवची शेती गेली, बैल गेले. पण रिकामा गोठा बघवेना म्हणून त्याने घोडी आणली, चंदेरी. ती वराती मिरवायची आणि हा तिला मिरवायचा. गेले तीन दिवस मात्र चंदेरी चाऱ्याला तोंड लावत नव्हती, आणि नामदेव जवळ गेला की भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. उपास एक वेळ समजण्यासारखा होता. हा अबोला त्याच्या फार जिव्हारी लागला.

शेवटी त्याच्या बायकोने, सरस्वतीने, कामोठ्याहून जनावरांच्या डॉक्टरीणबाई नूरीन यांना बोलावलं. नूरीन वयाने लहान, पण हात मोठा हलका. तिने घोडीचा ओठ हळूच उचलून आत बॅटरी मारली. जिभेखाली चीर पडलेली, गाल आतून सोललेला.

"काका, जंताचं औषध कसं दिलं? गेल्या खेपेला मी तर सिरिंज भरून दिली होती."

नामदेव खांब खरवडू लागला. "त्या पिचकारीनं काय होतंय? पान्यात कालवला, बांबूच्या नलीत भरला, जीभ धरून मुंडी वर केली नि दिला ढोसून. चालीस वर्सं बैलांना असाच दिलाय."

"आनि मला सांगतान चाराच खराब हाय!" सरस्वती कडाडली. "चारेवाल्याशी भांडून पन आले!"

नूरीनला हसू आवरेना. मग ती म्हणाली, "बैलांनाही लागलं असेल, काका. त्यांनी सांगितलं नाही, एवढंच."

नामदेवला एकदम आपला पवळ्या आठवला. नळी दिसली की मागे सरायचा आणि नाठाळ म्हणून मार खायचा. नामदेवला स्वतःची लाज वाटली.

नूरीनने जखमा धुतल्या, मऊ चारा सांगितला. "आठ दिवस सिरिंजमधून नुसतं गुळाचं पाणी द्या. जीभ ओढायची नाही, मान उचलायची नाही. ओठाच्या कोपऱ्यातून, जिथे दात नसतात तिथून."

चंदेरी सरस्वतीच्या हातून दुसऱ्याच दिवशी प्यायली. नामदेवला मात्र रोज भिंतच. तो सिरिंज धरून उभा राहायचा, हात दुखेपर्यंत. गुळाचं पाणी मनगटावरून ओघळायचं, मुंग्या चढायच्या, पण गडी हटला नाही.

नवव्या दिवशी चंदेरीने मान वळवली, सिरिंज हुंगली आणि आपणहून ओठ उघडला.

"अवो, रडता कशाला?" सरस्वतीने दारातून विचारलं.

"माज्या हातून प्याली गो," तो म्हणाला.