छपरावरचे तीस किलो

वर्कशॉपचे जर्मन मालक हेर ब्रुकनर यांनी वाळूची गोणी कॅरॅव्हॅनच्या छपरावर ठेवली आणि शिडीवरून उतरत ते म्हणाले, "तीस किलो. नव्या एसीचं वजन एवढंच असतं. आता छप्पर उचलून दाखवा, मग ऑर्डर लिहितो."

पद्माकरनं उजवा हात खिशात घातला.

ही पद्माकर आणि त्याची बायको अरुंधती यांची सेकंडहँड कॅरॅव्हॅन. रस्त्यावर ती बुटकी असायची. मुक्कामाला पोचलं की आत उभं राहून दोन्ही हातांनी छप्पर वर ढकलायचं, म्हणजे माणसाला ताठ उभं राहता येई. हे काम आठ वर्षं पद्माकरच करत होता. गेल्या वर्षी, दोन हजार तीनच्या त्या भाजून काढणाऱ्या उन्हाळ्यात, छपरावरचा जुना एसी बंद पडला. तो काढून टाकल्यापासून छप्पर हलकं झालं होतं, आणि या वर्षी पद्माकरचा उजवा हात जड.

"कॅटलॉगमध्ये सगळे आकडे आहेत की," पद्माकर म्हणाला. "उचलून कशाला बघायचं?"

"आकडे छप्पर उचलत नाहीत," ब्रुकनर म्हणाले. त्यांच्याकडे हा नियमच होता. जो रोज उचलणार, त्यानं आधी उचलून बघायचं.

जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखच्या कंपनीत पद्माकर बेअरिंगं तपासायचा. केसाच्या शंभराव्या भागाएवढी चूक त्याच्या नजरेतून सुटत नसे. आणि हाच गृहस्थ स्वतःचा हात तज्ज्ञाला दाखवायचं सहा आठवडे टाळत होता. घरच्या डॉक्टरनं मेंदूच्या तज्ज्ञाकडे जायला लिहून दिलेली ऊबरवाइझुंगची चिठ्ठी पाकिटात घडी होऊन पडली होती. शहाण्या माणसाला भीती वाटली की तो किती मूर्खपणा करू शकतो, याला काही माप नाही.

भीतीला कारण होतं. सांगलीला त्याचे वडील, अण्णा, शाळामास्तर होते. एके दिवशी त्यांच्या हातून खडू पडला. मग सदऱ्याची बटणं लागेनात. दोन वर्षांनी आई त्यांना वरणभात भरवत होती, आणि तिसरं वर्ष त्यांनी पाहिलंच नाही. या मार्चमध्ये ऑफिसात पद्माकरच्या हातून पेन पडलं, तेव्हा ते उचलायच्या आधी त्यानं कुणी पाहिलं का, हे पाहिलं होतं.

"त्यापेक्षा आतल्या बाकाखाली बसणारा एसी घेऊ," तो अरुंधतीला म्हणाला. "वजन खाली राहतं. गाडी वळणावर डोलत नाही."

"अहो, पहिला वरच होता ना? तेव्हा नाही डोलली ती," अरुंधती म्हणाली. "आणि बाकाखाली माझा कुकर, तांदूळ, सगळा किराणा असतो. ते काय टपावर बांधू?"

"थंडावा पायापासून वर चढतो."

"थंड हवा खाली उतरते. हे मला तुम्हीच शिकवलंय."

 ब्रुकनर दारात हाताची घडी घालून उभे होते. शेवटी पद्माकर आत गेला, पाय रोवले, दोन्ही तळवे छपराला लावले आणि ढकललं. डावी बाजू चार बोटं वर आली. उजवी जागची हलली नाही. मग उजवा हात कोपरात दुमडला आणि छप्पर धाडकन खाली बसलं.

"खटका गंजला असेल," ब्रुकनर हळूच म्हणाले.

"हो, खटकाच," पद्माकर म्हणाला.

अन्वी, त्यांची चौदा वर्षांची मुलगी, पायरीवर बसून हे बघत होती. "पापा, लास मिश माल, मी बघते," म्हणत ती आत शिरली आणि तिनं ढकललं. गोणीसकट छप्पर सरळ वर गेलं. खटका व्यवस्थित बसल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. अन्वी हसत वळली आणि बापाचा चेहरा बघून तिचं हसू मावळलं.

पद्माकर बाहेर येऊन वर्कशॉपच्या अंगणातल्या बाकावर बसला. उजवा हात त्यानं डाव्या हातात धरून ठेवला होता. थोड्या वेळानं अरुंधती शेजारी येऊन बसली.

"लोणच्याची बरणी मला उघडता येते अजून," तो म्हणाला. "परवाच उघडली."

 अरुंधती म्हणाली, "मार्चपासून सगळी झाकणं मी सैल करून ठेवते."

 गेले तीन महिने सकाळी एखादी बरणी उघडून तो स्वतःला धीर देत आला होता.

"मला अण्णांसारखं..."

"माहीत नाही. मलाही भीती वाटते. रात्री तुमचा हात चाचपून बघते मी," ती म्हणाली. "पाकिटातली चिठ्ठी मी पाहिलीय. ती द्या माझ्याकडे. फोन मी करते."

त्यानं डाव्या हातानं पाकीट काढलं आणि तिला दिलं.

ब्रुकनरनी बाकाखालच्या एसीची ऑर्डर लिहिली. "कुकर मांडीवर घेऊन बसेन," असं अरुंधतीनं मराठीतच सांगून टाकलं.

पुढच्या शनिवारी एसी बसला. तज्ज्ञाची वेळ मंगळवारची मिळाली होती. नवी वस्तू घेतली की नारळ वाढवायचा, हा त्यांच्या घरचा रिवाज, आणि वाढवायचा पद्माकरनंच. अरुंधतीनं पिशवीतून नारळ काढून त्याच्या हातात दिला. ब्रुकनर कौतुकानं बघायला उभे राहिले.

नारळाला मधोमध बारीक ओली चीर होती. घरून निघतानाच तिनं तो ठोकून आणला होता. वर्कशॉपच्या दगडी पायरीवर नुसता टेकवला असता तरी फुटला असता आणि कुणाला काही कळलं नसतं.

पद्माकरनं चिरेवरून अंगठा फिरवला.

"तू वाढव," तो म्हणाला.

"अहो, बायका नारळ..."

"माहितीये. तू वाढव."

तिनं पायरीवर एकदाच आपटला. पाणी दगडावरून वाहत चाकापर्यंत गेलं. तिनं दोन्ही वाट्या त्याच्याकडे दिल्या. एक त्यानं डाव्या हातात धरली आणि दुसरी पडू नये म्हणून उजव्या मनगटानं छातीशी दाबून धरली. सदरा ओला झाला. ब्रुकनर तिकडे बघत होते, पण त्यानं हात लपवला नाही.