आई इंग्रजीत छान असते

"मी अगदी छान आहे गं," आई इंग्रजीत म्हणाली आणि मला तिथेच संशय आला.

मी रेल्वेत तिकीट तपासनीस आहे. उगाच हसून बोलणाऱ्या प्रवाशाचं तिकीट मी आधी बघते. घरात नजर फिरवली, तर पातेल्याचं बूड करपलेलं आणि लोण्याची बशी पुस्तकांच्या फडताळात.

"हे काय?"

"अगं, बाई आली होती झाडायला, तिनं ठेवली असेल. वीब्के, चहा घे ना!"

झाडायला बाई येत नाही, हे मला ठाऊक होतं.

आई यॉर्कशायरची, बाबा इथले, जर्मनीतल्या लेअर गावचे. आईशी मी इंग्रजी बोलायचे, बाबांशी जर्मन. इंग्रजीत सगळंच छान असतं, हे मला लहानपणीच कळलं होतं. शेजारच्या हार्म्सबाई दरवर्षी भोपळ्याचं लोणचं आणायच्या. आई मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये तोंड भरून कौतुक करायची आणि बरण्या तळघरात जायच्या. एकदा मीच बाईंना सांगून टाकलं, की आईला भोपळा आवडत नाही. आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हार्म्सबाई मात्र म्हणाल्या, "मग बोलायचं की! मी मेली मर मर सोलत बसते." आणि पुढच्या आठवड्यात काकड्या घेऊन आल्या.

तेव्हापासून आईच्या कौतुकावर माझा विश्वास नाही. माझी चित्रं, माझी नोकरी, माझा नवरा, तिला सगळंच छान वाटलं. त्या नवऱ्याला मी सोडलं, तेही छानच वाटलं. खरं काय वाटलं, देव जाणे! मला त्याचा राग यायचा, अजून येतो.

बाबांपुढे मात्र तिची ही मात्रा चालत नसे. "छान म्हणजे काय? हो की नाही?" ते विचारायचे आणि ती निमूटपणे खरं सांगायची. बाबा जाऊन आता वर्ष होत आलं.

संध्याकाळच्या गाडीनं मला परत जायचं होतं. तिला एकटी ठेवून जावं की नाही, तेच कळेना. शेवटी मी कधी नव्हे ते तिच्याशी जर्मन बोलले.

"आई, एकटीला जमतं का? हो की नाही?"

तिनं कप खाली ठेवला.

"नाही," ती जर्मनमध्येच म्हणाली. "काल तुझ्या बाबांचं नाव आठवेना. दारावरची पाटी वाचायला बाहेर गेले. तिच्यावर मेलं नुसतं आडनाव."



"ऑनो," मी बाबांचं नाव सांगितलं.

तेवढ्यात लीड्सहून बेरिल मावशीचा फोन आला. आई लगेच इंग्रजीत खुलली. "मजेत गं! वीब्के आलीय, हवा काय सुंदर पडलीय!" बाहेर भुरभुर पाऊस होता. मग तिनं फोन माझ्या हातात दिला.

"वीब्के, खरं सांग हं," मावशी म्हणाली. "ताईचा आवाज मला बरा वाटला नाही. ठीक आहे ना ती?"

मी आईकडे पाहिलं.

"छान आहे मावशी," मी इंग्रजीत म्हणाले. "अगदी छान. मी राहणारे आता इथे थोडे दिवस."

आई खिडकीकडे तोंड करून उभी होती आणि हळूच, पाठ करावं तसं, "ऑनो, ऑनो" म्हणत होती.